बाबूचे हातपाय आणि पडवीतला टीव्ही

"बाबू बोलते का आता?" हा प्रश्न मला एसटीत, लग्नात, आठवडी बाजारात, सगळीकडे विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझ्या बाबूला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. ऑटिझम म्हटलं की बोलणं आणि नजर देणं, एवढंच लोकांनी ऐकलेलं असतं. आमच्या घरात मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत जे अडायचं ते हातापायांपाशी. सहा वर्षांचा पोरगा ओट्याच्या पायऱ्या बसून, घसरत उतरायचा. समोरून टाकलेला चेंडू छातीवर आदळून खाली पडायचा आणि मग त्याचे हात पुढे यायचे. चड्डी वर ओढताना एक हात काम करायचा, दुसरा तसाच लोंबत राहायचा. वरणभाताचा घास तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा सांडलेला असायचा. भूक असायची, इच्छा असायची, जमत नाही म्हणून रागही यायचा. पण अंग ऐकायचं नाही. त्या अंगासाठी आम्ही काय काय केलं ते लिहून ठेवते आहे. ज्या आयांना हा प्रश्न पडतो, त्यांना सांगणारं माणूस आमच्या भागात जवळपास भेटत नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातले. घरी कोरडवाहू शेती, कापूस, तूर आणि सोयाबीन. मी अंगणवाडी सेविका आहे. धाकटे भाऊजी गावातच सेवा केंद्र चालवतात, म्हणून घरात लॅपटॉप होता आणि वायरींना न घाबरणारा एक माणूस होता. पुढच्या सगळ्या गोष्टी या माणसामुळे जमल्या.

निदान आणि प्रमाणपत्राचा भाग लवकर सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत ऑटिझम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. तपासणी ज्या भारतीय मोजपट्टीनं होते तिला इसा म्हणतात. तिच्यात ४० बाबी असतात. त्यांवर गुण देतात आणि ७० किंवा त्यापुढे गेलं की ऑटिझम धरतात. १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. त्या ४० बाबी सहा विभागांत आहेत. सामाजिक वागणं, भावना, बोलणं, वर्तन, संवेदना आणि आकलन. मी त्या कागदावर दोनदा बोट फिरवलं. लेकराला पायरी उतरता येते का, चेंडू झेलता येतो का, यासाठी स्वतंत्र विभाग नाही. कार्ड झालं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव टाकून घ्यावं, हे मात्र प्रत्येक आईबापाला माझं सांगणं आहे. वर्षाला १ लाखापर्यंतचं विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. अर्ज ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत जातो.

वर्ध्याला आम्हाला ज्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार) करणाऱ्या थेरपिस्ट मॅडम भेटल्या, त्यांनी पहिल्याच भेटीत बाबूला बोलायला लावलं नाही. त्याला चटईवर उभं केलं, एक पाय उचलायला लावला, भिंतीवरचा फुगा डाव्या बाजूला धरून उजव्या हातानं घ्यायला सांगितला. त्यानं सगळं अंग वळवलं, पण उजवा हात छातीच्या मधल्या रेषेपलीकडे नेला नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, हा हट्ट नाही. आपला हात कुठं आहे, किती लांब आहे, हे त्याच्या मेंदूला नीट कळत नाहीये. बोट दाखवून मागणं, टाटा करणं, हेसुद्धा हातानंच होतं ना? मग बोलण्याची वाट बघत हाताला कशाला थांबवायचं?"

त्यांनीच मला अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या अंजना भट यांच्या २०२० च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ऑटिझम असलेल्या १६,७०५ मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या त्यांनी तपासल्या. सुमारे ८७ टक्के मुलांना हालचालींच्या अडचणी असण्याची शक्यता दिसली, आणि फिजिओथेरपी मिळत होती जेमतेम ३२ टक्के मुलांना. हे अमेरिकेतलं. मी घरी येताना एसटीत खिडकीपाशी बसून तेवढाच आकडा घोळवत होते. ज्या गोष्टीनं माझा दिवस संपून जातो ती इतक्या घरांत आहे, आणि गावात मला वाटत होतं की माझ्याच पोराचं अंग असं आहे.

मधल्या काळात एका मोठ्या शहरातल्या खाजगी केंद्राची जाहिरात नातेवाइकांनी मोबाईलवर पाठवली. व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, थेरपी. डोळ्यांवर चष्मा लावला की मूल वेगळ्या जगात जातं आणि खेळता खेळता सुधारतं, असं लिहिलं होतं. आम्ही गेलो. बाबूच्या डोक्यावर तो हेडसेट बसवायला गेले तर त्यानं दोन्ही हातांनी ओढून फेकला आणि कितीतरी वेळ भिंतीला डोकं लावून बसला. त्याला साधी टोपी सहन होत नाही. अर्ध्या किलोचं ओझं आणि वरून अंधार, तो काय करणार? तिथल्या माणसानं सवय होईल असं सांगितलं, वर्षभराचे पैसे आगाऊ मागितले आणि "पूर्ण बरा होईल" असा शब्द दिला. ऑटिझमबद्दल असा शब्द देणाऱ्याकडून उठून यावं. आम्ही उठून आलो.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी आणखी दोन गोष्टी समजावल्या. मेटा कंपनीच्या क्वेस्ट नावाच्या हेडसेटला खुद्द कंपनीचीच वयाची अट आहे, आता १० वर्षं, २०२३ पर्यंत ती १३ होती. आणि डोळ्यांना हालचाल दिसते पण अंग जागेवर असतं तेव्हा मोठ्या माणसालाही मळमळतं. ज्याला आपल्या अंगाचा अंदाजच कमी त्याला ते जास्त गोंधळात टाकू शकतं. मोठ्या मुलांना, ज्यांना हेडसेट सहन होतो, त्यांना उपयोग होत असेल. बाबूसाठी त्यांनी दुसरी वाट सुचवली. डोक्यावर काहीच नाही. समोर पडदा, पडद्याखाली एक सेन्सर, आणि पडद्यात स्वतः बाबू.

तो सेन्सर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट. २०१० मध्ये एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरच्या खेळांसाठी आला आणि २०१७ मध्ये कंपनीनं बनवणं बंद केलं. त्यामुळे नवा मिळत नाही, पण जुने मिळतात. भाऊजींनी नागपूरहून, सीताबर्डीच्या बाजारातून एक आणला. लॅपटॉपला जोडायला त्याला वेगळी वीज देणारी वायर लागते. ती नसेल तर तो नुसता ठोकळा. अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाचे ठिपके तो समोर फेकतो, ते कुठं पडले त्यावरून अंतर मोजतो आणि माणसाच्या अंगातले २० सांधे सेकंदाला ३० वेळा ओळखतो. डोकं, खांदे, कोपरं, गुडघे, घोटे, सगळं. वर चालवायला स्पेनमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांसाठीच बनवलेला पिक्टोग्राम रूम नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. त्यात मूल आरशात बघावं तसं स्वतःला बघतं आणि त्याच्या अंगावर एक काडीमाणूस चढलेला दिसतो. मूल हात वर करतं, काडीमाणूसही हात वर करतो. बाबूच्या डोळ्यांना अंग दाखवायचं होतं, आणि हे नेमकं तेच करत होतं.

मॅडमनी यामागचं एक कारण सांगितलं ते माझ्या मनात पक्कं बसलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या हातात एक यांत्रिक दांडा देऊन बघितलं की नवी हालचाल ती कशी शिकतात. इतर मुलांच्या तुलनेत ही मुलं सांध्यांतून, स्नायूंतून येणाऱ्या जाणिवेवर जास्त भिस्त ठेवतात आणि डोळ्यांना दिसतं त्यावर कमी. दुसऱ्याचं बघून शिकणं म्हणजे डोळ्यांवरून अंगावर आणणं, आणि त्यांची वाट तिथंच अडते. त्यामुळे आपली हालचाल आणि आपलं चित्र एकाच क्षणी समोर आलं तर डोळे आणि अंग यांची गाठ पडायला मदत होईल, असा मॅडमचा विचार होता. खात्री त्यांनी दिली नाही. "करून बघू, मोजू, नाही जमलं तर सोडू," एवढंच म्हणाल्या.

पडवीत टीव्ही लावला आणि पहिल्या दिवशी काहीच चालेना. काडीमाणूस दिसायचा, तुटायचा, भिंतीवर चढायचा. भाऊजी वायरी तपासून थकले. मग कळलं, अडचण उन्हाची होती. आमची पडवी पश्चिमेला उघडी, आणि वैशाखातलं ऊन त्या इन्फ्रारेड ठिपक्यांना पार धुऊन टाकायचं. ताडपत्री बांधली तेव्हा सेन्सरला डोळे आले. दुसरी अडचण मुलांची. शेजारची पोरं बघायला आत शिरली की काडीमाणूस बाबूला सोडून त्यांच्या अंगावर जायचा आणि बाबू रडायचा. मग पोरांना ताडपत्रीबाहेर बसवलं. त्यांच्यातल्या एकेकाला नंतर पाळीनं आत घेतलं, कारण एका वेळी दोन माणसांचे सांधे तो नीट धरतो. तिसरी गोष्ट अगदी बारीक होती आणि सगळ्यात महत्त्वाची निघाली. बाबू हात हलवायचा, पडद्याकडे बघायचा, पुन्हा हलवायचा आणि निघून जायचा. मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्या म्हणाल्या, हात आणि चित्र यांच्यात उशीर पडतोय, त्याला ते आपलं चित्र वाटतच नाहीये. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते मागं ठेवतो. सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावला. त्या संध्याकाळी बाबूनं हात हळूहळू वर नेला, खाली आणला, आणि पडद्यावरच्या हाताकडे बघत राहिला. मला आजवर त्यानं स्वतःच्या हाताकडे असं बघितलेलं आठवत नव्हतं.

मॅडमचे नियम कडक होते. लखलखणारे बक्षिसाचे दिवे बंद, कारण ऑटिझम असलेल्या काही मुलांना फिट्स येतात. आवाज अगदी बारीक. आधी जड काम, म्हणजे पाण्याची अर्धी बादली उचलून नेणं नाहीतर सरकीचं पोतं ढकलणं, त्यानं सांध्यांना जाग येते. मग थोडा वेळ पडदा. आणि मग तीच हालचाल पडद्याशिवाय, अंगणात, पडद्यापेक्षा जास्त वेळ. बंद करायची वेळ आली की सेन्सरवर फडकं टाकायचं काम बाबूचंच. पहिले काही आठवडे फडकं टाकताना आक्रोश व्हायचा. हळूहळू तो स्वतः फडकं शोधायला लागला.

माझ्या सासूबाईंचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. "टीव्हीत पाहून कोनाचं पोरगं चालाले शिकलं वो?" असं त्या रोज म्हणायच्या. मी म्हटलं, तुम्हीच या आत. त्या नऊवारीत उभ्या राहिल्या तर सेन्सरला त्यांचे पाय सापडेनात. लुगडं घट्ट खोचून पुन्हा आल्या, आणि पडद्यावर आजी-नातू शेजारी शेजारी, दोघांच्या अंगावर दोन काडीमाणसं. आजीनं डावा हात डोक्यावर ठेवला. बाबूनं पडद्यात बघितलं, मग बाजूला वळून खऱ्या आजीकडे बघितलं, मग पुन्हा पडद्यात, आणि त्याचा हात डोक्यावर गेला. उजवा गेला, पण गेला. आम्ही वर्षानुवर्षं "असं कर, असं कर" म्हणून त्याच्यासमोर टाळ्या वाजवल्या होत्या. नक्कल म्हणून त्यानं केलेली ही पहिली गोष्ट. सासूबाईंनी त्या दिवशी त्याला पोटाशी धरलं नाही, कारण त्याला ते आवडत नाही. त्यांनी तोच हात पुन्हा डोक्यावर ठेवला. त्यानंतर संध्याकाळी ताडपत्री बांधायची आठवण त्याच करून द्यायच्या.

आता या यंत्रानं काय झालं नाही ते सांगते, कारण जाहिरातीत ते कधीच नसतं. पडद्यावर डाव्या बाजूला आलेल्या बुडबुड्याला बाबू उजव्या हातानं, मधली रेषा ओलांडून, अचूक स्पर्श करायला लागला. आम्हाला फार आनंद झाला. त्याच आठवड्यात अंगणात चेंडू टाकला तर तो पूर्वीसारखाच छातीवर आदळला. पडद्यावरच्या वस्तूला वजन नसतं, ती आपल्या अंगावर चालून येत नाही, पकडली की हाताला काही लागत नाही. पडद्यातलं आपोआप अंगणात उतरत नाही, ते एकेक करून उतरवावं लागतं. मॅडमनी पायऱ्या पाडून दिल्या. आधी माझी जुनी ओढणी वर उडवायची, ती तरंगत खाली येते, तेवढ्यात हात पोचतो. मग चिंध्यांचा चेंडू, जवळून, त्याचं नाव घेऊन, तो बघतोय याची खात्री करून. मग रबरी चेंडू, एक टप्पा घालून. ओढणीपासून टप्प्याच्या चेंडूपर्यंत यायला पावसाळा उजाडून संपला.

पायऱ्यांचंही तसंच. खेळात पाय ठेवायचे रंगीत चौकोन होते. तेच आम्ही अंगणात गेरू आणि चुन्यानं काढले, मग ओट्याच्या पायऱ्यांवर एकीला गेरू, एकीला चुना. शाळेच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी काही दिवस प्रोजेक्टर दिला, त्यामुळे भिंतीवर बाबूएवढाच बाबू दिसायला लागला, आणि त्यात त्याला स्वतःचा गुडघा वाकताना दिसला. छोट्या टीव्हीत गुडघ्यापर्यंत त्याचं लक्षच जात नव्हतं. मोठ्या चित्राचा फायदा मी डोळ्यांनी बघितला म्हणून सांगते: जमत असेल तर भिंत वापरा. पायऱ्या तो आता उभ्यानं उतरतो, एका हातानं खांब धरून.

बोटांच्या कामात मात्र या सेन्सरचा काही उपयोग झाला नाही. तो मनगट ओळखतो, बोटं नाही. शर्टाची बटनं, पेन्सिल, पोळीचा तुकडा तोडणं, यासाठी जुनीच कामं करावी लागली. तुरीच्या शेंगा सोलणं, भिजवलेली कणीक मळणं, कपड्याचे चिमटे दोरीला लावणं. दिवाळीनंतर कापूस फुटला की सासूबाई त्याला धुऱ्यालगतच्या तासात, म्हणजे बांधाजवळच्या ओळीत, नेऊन बसवायच्या. एका हातानं बोंड धरायचं, दुसऱ्यानं कापूस ओढायचा. दोन्ही हातांना वेगवेगळं काम देणारा याहून चांगला व्यायाम मला तरी कुठं दिसला नाही. त्यानं वेचलेला मूठभर कापूस त्या वेगळा गाठोड्यात बांधून आणायच्या.

मॅडमनी सुरुवातीला विचारलं होतं, "ताई, तुम्हाला त्याच्याकडून कोणती एक गोष्ट हवी?" मी तान्हा पोळा म्हटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतात; याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर बघायला लांबून लोक येतात. चाकांचा नंदी दोरीनं ओढायचा म्हणजे हात मागं, पाय पुढं, मध्येच वळून बघायचं, रांगेत वेग सांभाळायचा, आणि भोवती ढोल. बाबूसाठी हे केवढं अवघड काम आहे ते मॅडमनी सुटं सुटं करून दाखवलं तेव्हा मला कळलं. घरात रिकाम्या डब्याला दोरी बांधून तयारी केली. त्या वर्षी तो कानांवर हात नेत, थांबत, मारुतीच्या देवळापासून अर्ध्या वाटेपर्यंत रांगेत चालला. मग ढोल जवळ आले तसा त्यानं नंदी उचलून काखेत मारला आणि घराकडे निघाला. रांगेतल्या पोरांनी त्याला हाक मारली, कोणी हसलं नाही. चार घरी बोजारा, म्हणजे नंदी नेणाऱ्या पोरांना देतात ती भेट, मिळाला.

मॅडम ठराविक महिन्यांनी मोजमाप घेतात. तोल आणि चेंडू यांत फरक स्पष्ट आहे, बोटांत थोडा. हा फरक सेन्सरचा किती, वाढत्या वयाचा किती, आजीच्या कापसाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, असं त्या स्वतःच सांगतात. या तंत्रावर झालेले अभ्यासही बहुतेक थोड्या थोड्या मुलांवरचे आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. जे माणूस असं सांगतं त्याच्याकडे मी माझं पोर निर्धास्त सोपवते.

सेन्सर आता म्हातारा झालाय, त्याची वायर सैल झाली आहे. भाऊजींनी लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर चालणारा गूगलचा मीडियापाइप नावाचा कार्यक्रम बसवून बघितला. तो अंगावरचे ३३ बिंदू धरतो आणि उन्हाला घाबरत नाही. पण पुढं-मागं किती सरकलं याचा अंदाज त्याला किनेक्टसारखा येत नाही. शेजारच्या गावातली एक आई तिच्या मुलीला घेऊन शनिवारी येते. मुलगी पंजांवर चालते, पडद्यासमोर यायला तयार नाही, म्हणून सध्या ती नुसती बादली उचलते आणि ओढणी झेलते. तेही चालेल, असं मॅडमनी फोनवर सांगितलं.

वर्ध्याला जाऊन येण्यात माझा आणि त्या आईचा सबंध दिवस मोडतो, मजुरीही बुडते. म्हणून आम्ही पाच-सात पालकांनी मिळून अर्ज दिला आहे, की तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस तरी व्यवसायोपचार करणारं माणूस बसावं. भाऊजी म्हणाले, वहिनी, अर्जात सेन्सर आणि प्रोजेक्टरही मागून टाकू. मी नको म्हटलं. सेन्सर आम्ही सीताबर्डीहून आणू.